कडुनिंबाची बिअर

माझ्या भावाला बिअर करता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मामाच्या गावात त्याचं जे नाव झालं ते ऐकून कोणालाही वाटेल की पोरगा मोठा कारागीर होता. कारागीर होता, पण फ्रीजचा. अकोल्यात त्याचं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात न मावणारे, मेलेले फ्रीज घराच्या मागच्या खोलीत रांगेनं उभे असायचे. त्या घरात तो आणि आई राहायचे. मी अमरावतीला, राजापेठेत, ट्यूशन क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी मिरवते आणि मिरवणार.

बिअरचं खूळ त्याला नागपुरात लागलं. तिथल्या एका हॉटेलात जागेवरच ताजी बिअर करून विकत, आणि त्यांचं कूलिंग बिघडलं म्हणून कोणाच्या तरी ओळखीनं ह्याला बोलावलं. परत येताना बसमधून त्याचा फोन.

"ताई, माणूस उभा राहीन एवढ्या टाक्या हायेत, स्टीलच्या. आत धान्याचं पाणी आंबवतेत. पण वीस डिगरी म्हंजे वीस. इकडचं तिकडं झालं का माल गेला."

"पिऊन पाहिली का?" मी विचारलं.

"मी कायले पिऊ? मी थर्मोस्टॅट पाहून राहिलो होतो."

हे उत्तर लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

आमचा बाप अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आणि दारूनं गेला. तेव्हा मी दहावीत होते, भाऊ सहावीत. त्यानंतर आईनं काय काय केलं ते सांगत बसत नाही. दोघांना वाढवलं, मला कॉलेजात घातलं. तिचं एकच म्हणणं असायचं, "माह्या घरात बाटली आली तं मी घराच्या बाहेर." रोज संध्याकाळी घरी बुद्धवंदना व्हायची, आणि पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, म्हणताना तिचा आवाज वर चढायचा. शेजारच्या तीन घरांना ऐकू जावा असा. कोणी विचारो न विचारो, ती सांगायची, "माहा पोरगा थेंबाले शिवत नाही." आमच्याकडे वावर नव्हतं, सोनं नव्हतं. हे एक वाक्य होतं. ती ते बारशात सांगायची, लग्नात सांगायची, भाजीवाल्याला सांगायची.

आणि ह्या बाईच्या मागच्या खोलीत तिचा पोरगा बिअर करायला लागला. तिला सांगितलं, "ताईच्या क्लासचा प्रयोग हाय, हात नको लावू." आईपुढे माझी बी.एस्सी. म्हणजे पोलीस बंदोबस्त. तिनं त्या खोलीत झाडूसुद्धा मारला नाही.

प्रयोग सगळे फोनवर चालायचे. पहिल्यांदा त्यानं किराणा दुकानातून जव आणले आणि मोड आणायला भिजत घातले. दोन दिवस झाले, चार झाले. मोड येईनात, वास यायला लागला. शेजारच्या काकू उंदीर मेला म्हणून स्वतःच्या घरातली कपाटं ओढून बसल्या. मी विचारलं, "जवाला साल होती का?" तर म्हणे, "नाही, मस्त पांढरे होते, सोललेले, धुतलेले." म्हटलं, "अरे, सोललेल्या दाण्याला मोड कसा येईल? मेलेला आहे तो." तर म्हणाला, "दुकानदारानं तं चांगला माल म्हणून देला."

मग ज्वारी घेतली. ज्वारीला मोड छान येतात. मी बजावलं होतं की वाळल्यावर कोंब चोळून काढून टाक, कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावरं मरतात ती त्यानंच. हे मात्र त्यानं नीट केलं. पोत्यात मोड आणले, गच्चीवर वाळवले, कोंब चोळून पाखडले, आणि ज्वारी डब्यात भरून जिन्यात ठेवली. आईनं डबा पाहिला. प्रयोग मागच्या खोलीत असतो, जिन्यात असते ती घरची ज्वारी. तिनं ती चक्कीवर नेऊन दळून आणली आणि भाकरी थापायला बसली.

मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर होते. त्या पिठाची भाकर थापली जात नाही, ती पसरते. तव्याला खळीसारखी चिकटली. एक कशीबशी निघाली ती गोड लागली. आई तशीच पिठाच्या हातानं चक्कीवर गेली. "काय मिसळलं तुमी माह्या दळणात? आधीचं कोणाचं गव्हाचं उरलं होतं का?" चक्कीवाला शपथा घेत होता. भाऊ मागे उभा राहून ऐकत होता. फोनवर मला म्हणाला, "ताई, महिनाभराची मेहनत तव्यावर गेली. अन् वरतून मीच म्हटलं, लय गोड झाली व आई, आणखी एक वाढ."

पुढच्या वेळी ज्वारीचं पाणी उत्तम जमलं. त्यानं डावानं चाखून लगेच फोन केला, "गोड झालं ताई! उसाच्या रसासारखं!" आणि त्या आनंदात बेकरीतून आणलेलं यीस्ट उकळत्या पाण्यातच टाकलं. दुसऱ्या दिवशी विचारतो, "हे जिवंत हाय का मेलं ते कसं समजते? बुडबुडे येऊन नाही राहिले."

"टाकलं तेव्हा किती गरम होतं?"

"चहा असते तेवढं."

"मग मेलं."

"सगळे?"

"सगळे."

"किती असतेत?"

"कोट्यवधी."

मग म्हणाला, "म्हंजे पाचवं शील मोडता मोडता पहिलंच मोडलं मी."

पहिलं शील जीवहत्येचं आहे. तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच इतकी हसले की शिपाई डोकावून गेला.

आणखी एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून त्यानं बोअरिंगचं वापरलं. आमच्याकडे अकोल्या-दर्यापूरच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. ते आटवून आटवून जे झालं ते हगवणीच्या पेशंटला चाललं असतं. त्याचे दुकानावरचे दोन मित्र चव पाहायला यायचे. एकानं घोट घेतला आणि म्हणाला, "भाऊ, हे पिल्यावर काहीच चढत नाही. नुसता पस्तावा होते." बिअरला कडू करायला एक वाळकं फूल घालतात, ते आपल्याकडे मिळत नाही. ह्यानं कडुनिंबाचा पाला टाकला. "कडूच पाह्यजे न? मंग दारातला निंब काय वाईट हाय?" मित्र यायचे बंद झाले.

तो स्वतः पीत होता का? मी एकदा सरळ विचारलं. म्हणाला, "जिभेवर घेतो अन् थुंकतो." मी अमरावतीत होते. थुंकताना मी पाहिलं नाही. गिळतानाही पाहिलं नाही. त्याला बिअर नको होती, त्याला ते वीस डिग्री पकडायचे होते, हे मला माहीत आहे. त्यासाठी त्यानं एका मेलेल्या फ्रीजला जिवंत केलं होतं. शेवटची खेप वीसवर आंबवून, मग पार थंड करून त्याच्यातच ठेवली होती. भंगारवाल्याकडून आणलेल्या बिअरच्या जुन्या बाटल्या, बंद पडलेल्या सोड्याच्या कारखान्यातल्या हत्यारानं दाबून बसवलेली बुचं. उरलेली बिअर शेजारच्या निळ्या ड्रममध्ये, वर निंबाचा पाला तरंगत.

दिवाळीनंतर, मूर्तिजापूरहून काम आटपून येताना, दिवेलागणीला, रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल गेली. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या लोकांना सांगितलं की आता ते स्टँडवरच्या घोषणेसारखं निघतं.

मी एसटीनं आले. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा भजी घेतली आणि खाल्ली. गरम होती. भूक होती का, आठवत नाही. मूर्तिजापूर सोडल्यावर ती जागा लागली असेल. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले होते, तिकडे तूर दिसत होती, ती पाहत होते. घरी पोचल्यावर बायका गळ्यात पडल्या. एकीच्या पदराला रॉकेलचा वास होता. हे सगळं मला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि ते कुठे पोचत नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं.

अकोटहून काका आले, बापाचे धाकटे भाऊ. हातपाय धुतले, पाणी प्याले, आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"गाडीवर होता म्हणतेस. घेतलेली तं नव्हती?"

"काय घेतलेली?"

"आता तुले समजत नाही का? एवढी शिकलेली हायस. शेवटी रक्त आमच्या भावाचं व्हय."

"दारू रक्तानं येत नाही काका," मी म्हटलं. "त्याच विषयात मी पास झाले."

त्यांनी हात झटकला. पण बोलताना आवाज काही खाली ठेवला नव्हता, आणि आई भिंतीला टेकून समोरच बसली होती. तिनं मान वर केली. नंतर जो भेटायला येईल त्याला, बसण्याच्या आधी, ती सांगायला लागली, "माहा पोरगा थेंबाले शिवत नव्हता." लोक माना हलवत. काही काकांकडे बघत.

पंचनाम्यात दारूचं नाव नव्हतं. पण पंचनामा कोण वाचतो? लोक नातेवाइकांची तोंडं वाचतात. आणि मागच्या खोलीत बाटल्या उभ्या होत्या. परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेही होतंच, पण मला पोलिसांची भीती नव्हती. काकांची होती. त्यांच्या हाती एक बाटली लागली असती तर माझा भाऊ ट्रॉलीनं नाही, दारूनं मेला असता. कायमचा. बापासारखा. आणि आईजवळ सांगायला काही उरलं नसतं.

म्हणून पहिली संधी मिळताच मी एक बाटली पदराखाली घेऊन न्हाणीत ओतली. आमच्या न्हाणीचं पाणी अंगणातून उघड्या नालीनं जातं, आणि तिथेच पाहुणे पाय धूत होते. मी बाहेर आले तर नालीतून पांढराशुभ्र फेस वर येत होता, दुधाच्या सायीसारखा जाड, थांबेना. एक बाई पाय वर उचलून म्हणाली, "कोणतं सर्फ वापरता व तुमी? लयच फेस हाय." मी एका पावडरचं नाव सांगितलं. तिनं दोनदा घोकून लक्षात ठेवलं. त्यानंतर मी ओतायचा विचार सोडला. खोलीला कुलूप घातलं, चावी ब्लाउजमध्ये ठेवली, आणि पाहुणे पांगेपर्यंत थांबायचं ठरवलं. फ्रीज चालू होता, बाटल्या थंड होत्या. थंड असल्या की यीस्ट झोपून राहतं. घाई नव्हती.

पण त्या खोलीतला सॉकेट जळलेला होता. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या घरातला सॉकेट, तो त्यानं कधी दुरुस्त केला नाही. वायर खिडकीतून बाहेर ओढून ओट्यावरच्या बोर्डात लावलेली होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडपवाला माइक लावायला आला. बोर्डात जागा नव्हती. कोणती तरी एक वायर त्यानं काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप भरला होता. ऊन चांगलं होतं. पांढऱ्या कपड्यातली माणसं, मेणबत्त्या, त्याचा फोटो; फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा होता, कापून घेतलेला, खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला होता. भन्तेजी शील देत होते आणि सगळे मागून म्हणत होते. गोष्टीत घालायचं तर पाचव्या शिलाला घालायला पाहिजे. पण खरं सांगते, दुसरं चालू होतं. मागच्या खोलीत धप्प आवाज झाला. जाड, दबलेला, पोत्यात काही फुटल्यासारखा.

माणसं थबकली. भन्तेजींनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्याच्या मध्यात आणखी एक. मग लागोपाठ दोन.

"फ्रीज उडाला," कोणीतरी मागून म्हणालं.

"गॅस असन. कंप्रेसरचा."

"त्याच्या हातचे होते बिचारे," एक म्हातारी म्हणाली.

काका उठायला लागले. "पाहून येतो."

"शील घेताना उठत नाहीत, काका," मी म्हटलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं, इतका साधा होता. भन्तेजींनी एक डोळा उघडला. काका बसले. पाचव्या शिलापर्यंत वास मंडपात पोचला होता: आंबट, पावासारखा, मागून निंबाचा कडवटपणा. आईचा आवाज नेहमीसारखाच पाचव्याला वर चढला. ती एकटीच वर होती, बाकीचे वास घेत होते.

कार्यक्रम संपला, खीर वाढायला सुरुवात झाली, आणि काका दारात येऊन उभे राहिले. "उघड." त्यांच्या मागे मामा होता, आईचा भाऊ. दर्यापूरकडे त्याची थोडी जमीन आहे, तूर आणि हरभऱ्याची. तो नुसता काय झालं ते पाहायला आला होता. आता नाही म्हटलं असतं तर त्याचाच पुरावा झाला असता. मी चावी काढली.

फ्रीजच्या दारातून तपकिरी फेस गळत होता. काकांनी नाक वर केलं.

"वास तं हातभट्टीचा येऊन राहिला."

काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते आठवत नव्हतं.

मामा ड्रमवर वाकला. वरचा पाला बाजूला केला, एक डहाळी उचलली, चुरून नाकाशी नेली.

"हातभट्टी?" तो म्हणाला. "दाजी, वावर सोडून तुमाले किती वर्षं झाले? निंबाचा पाला नाही दिसून राहिला का? अर्क होय हा. फवाऱ्याचा. माह्या ड्रमचा वास ह्याच्याहून घाण येते, घरचे मले गोठ्यात जेवाले बसवतेत."

मग माझ्याकडे वळला. "माह्यासाठी केला होता का व पोट्ट्यानं? मागं मी म्हटलं होतं त्याले, तुरीवर अळी लय हाय म्हणून."

"हो मामा," मी म्हटलं.

"अन् बाटल्या?" काका म्हणाले. "अर्क कोणी बिअरच्या बाटलीत भरते का?"

"मंग कायच्यात भरते? चांदीच्या लोट्यात? आमच्याकडं औषध देशीच्या क्वार्टरनं मोजतेत. घरात कोणी पीत नसन तं मागून आणा लागते बाटली."

"पण फुटल्या कावून?"

हे मला येत होतं. "आत किण्वन चालू असतं, काका," मी म्हटलं. "जीव असतात त्यात. साखर खातात आणि वायू सोडतात. फ्रीजची वायर काढली, गरम झालं, वायू वाढला. मामा, तुमच्या शेण-गुळाच्या जीवामृताच्या ड्रमचं झाकण तुम्ही घट्ट लावता का?"

"छे बा. उडते ते."

"तसंच हे."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. काका माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमाले काय समजते बा, तुमी शिकलेले लोक," आणि खीर खायला गेले.

मला वाटलं मामा सांभाळून घेतो आहे. त्याचे आभार मानायला मी संध्याकाळी अंगणात गेले, तर तो आणि त्याचा शेजारी ड्रम उचलून गाडीत चढवत होते. न फुटलेल्या बाटल्या भुशात बांधल्या होत्या. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"किती पाण्यात किती टाकू?" त्यानं विचारलं.

मी पदवीधर आहे, म्हणून मी विचार केल्यासारखा चेहरा केला. "भरपूर पाणी घाला. आणि तुमचा निंबोळी अर्क बंद करू नका. आणि पिऊ नका, मामा."

"येडी झाली का? अर्क कोण पिते?"

त्यानं तो तुरीवर फवारला. मी अमरावतीला परत गेले, पोरांना पचनसंस्था शिकवली, पेपर तपासले. एका पोरानं यकृताच्या जागी मूत्रपिंड काढलं होतं. मी त्याला मार्क दिले, नंतर लक्षात आलं, पण तसंच राहू दिलं. मग आईचा फोन आला. मामाची अळी गेली. बांधापलीकडच्या वावरात होती, मामाच्या नाही.

बिअरनं अळी मरत नाही. थंडी पडली होती, बगळे आले होते, आणि मामाचा निंबोळी अर्क चालूच होता. वर्गात कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. फोनवर म्हटलं, "हो का? बरं झालं." त्या गावात त्याला आता 'भाच्याचा अर्क' म्हणतात. शेजारी मामाकडे मागायला येत होते. ही बातमी अकोटलाही पोचली, कारण काकांचा फोन आला, त्यांच्या व्याह्याच्या वावराला थोडा मिळेल का म्हणून. आईचं वाक्य लांबलं. "माहा पोरगा थेंबाले शिवत नव्हता. वावराचं औषध करत होता." आता लोक काकांकडे बघत नाहीत. पुढचं विचारतात, कसं करत होता म्हणून.

हरभऱ्याला घाटे धरले तेव्हा मामा रिकाम्या कॅन घेऊन अकोल्याला आला. मी सुटीवर आले होते. "संपलं ते. आता घाट्यावर अळी हाय. आणखी भेटन का?"

"करणारा गेला, मामा."

"हो, ते तं हायच," तो म्हणाला, आणि कॅनकडे पाहत बसला.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तूच शिकवत होती न त्याले फोनवर? मंग तुले नाही येत का?"

मी काहीही ऐकून घेईन, हे नाही.

"येतं," मी म्हटलं.

ज्वारी भिजवली. पोत्यात मोड आणले, गच्चीवर वाळवली, कोंब चोळून काढले. भरडायला आई स्वतःच चक्कीवर घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा दारातच थांबली. "मंग ती भाकर ह्याच ज्वारीची होती का व? तव्याले चिकटलेली?"

"हो."

"मी उगाच त्या चक्कीवाल्याले बोलली," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवून तशीच मागे गेली आणि त्याला सांगून आली.

मग मोठ्या गंजात पाणी तापवून भरड घातली. आई डावानं ढवळत होती. जिच्या घरात बाटली येऊ शकत नव्हती, ती. मी त्याचा थर्मामीटर धरून उभी होते. आकडा पाहून झाल्यावर बोटही बुडवून पाहिलं, का ते माहीत नाही. बोट भाजलं हे मला आईनं सांगितलं. "लाल झालं न व." पाहिलं तर लाल होतं. नळाखाली धरलं. पाणी थंड आहे एवढं समजलं.

मी परत आले तेव्हा आईनं डाव वर काढला होता. फुंकर घातली आणि जिभेला लावला. मी अडवलं नाही. निंब नंतर पडणार होता, यीस्ट त्याच्याही नंतर. अजून ती नुसती ज्वारीची पेज होती.

"गोड हाय," ती म्हणाली. मग डाव तसाच हातात धरून, माझ्याकडे न पाहता विचारलं, "तो चाखत होता का हे?"

मी गॅस बारीक केला.

"पहिल्या दिवशी, गोड असताना, चाखत होता," मी म्हटलं. "असंच. डावानं."

हे खरं होतं. फोन मला आला होता.

आईनं मान हलवली. डाव पुन्हा गंजात बुडवला, फुंकर घातली, आणि माझ्यापुढे धरला. मी चाखलं. उसाच्या रसासारखं नव्हतं. त्याला वाटलं होतं.